स्पोर्ट बाईकला ॲक्सेसरीज : जपणूक कुठली, दिखावा कुठला आणि दंड कशावर?

विशेष विश्लेषण

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्या गाडीची मूळ किंमत सव्वा लाख, ती पूर्वी करासह १ लाख ६० हजारांना पडायची. तीच आता १ लाख ४७ हजार ५०० ला पडते. फरक साडेबारा हजारांचा. सरकारने दिलेली ही सूट घरात शिल्लक राहायला हवी होती. पण तालुक्याच्या कुठल्याही शोरूमशेजारी उभं राहिलं की दिसतं, गाडीचा हार उतरायच्या आधीच ती शेजारच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात जाते आणि वाचलेले पैसे तिथे उतरतात.

यात वावगं काही नाही. यामाहा आर१५, पल्सर आरएस२००, केटीएम आरसी २०० किंवा ड्यूक यांसारखी गाडी घेणं म्हणजे शेतकऱ्याच्या घरात मोठा खर्च. उसाचं बिल, सोयाबीनचे पैसे किंवा तीन वर्षांचा हप्ता, यातलं काहीतरी तिच्यात अडकलेलं असतं. मग पोराला वाटतं, गाडीला ओरखडा येऊ नये, ती चार गाड्यांत उठून दिसावी. प्रश्न हौसेचा नाही. प्रश्न असा की, दुकानदार ‘गाडीच्या सेफ्टीसाठी’ म्हणून जे दहा भाग दाखवतो, त्यातले किती गाडी वाचवतात, किती माणूस वाचवतात आणि किती थेट दंडाच्या पावतीकडे नेतात?

हिशोब करायला हवा, कारण आकडे ग्रामीण भागाच्या विरोधात आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते. मेलेल्यांत सर्वांत मोठा वाटा, जवळपास ४४ टक्के, दुचाकीवरच्यांचा होता. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजार २२४ जीव गेले. म्हणजे गाडीला काय लावायचं आणि काय काढायचं, हा नुसता फॅशनचा विषय राहत नाही.

कायदा नेमकं काय म्हणतो?

गावात दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतो, ‘गाडी माझी, पैसे माझे, कोण विचारणार?’ दुसरा म्हणतो, ‘साधा स्टिकर लावला तरी पोलीस पकडतात.’ दोन्ही बरोबर नाहीत.

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. वाहनाच्या रचनेत असा बदल, ज्यामुळे त्याची मूळ वैशिष्ट्यं बदलतात, त्याला कायदा ‘बदल’ म्हणतो. नोंदणी पुस्तकात कंपनीने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं आणि त्याआधीचा केरळ उच्च न्यायालयाचा ढिला निकाल रद्द केला. त्या निकालानंतर ‘सगळंच मॉडिफिकेशन बंद’ अशी बातमी मोबाईलवर फिरली. ती अर्धवट होती. गाडीच्या मूळ रचनेला हात न लावता केलेली छोटी जोडणी आणि चेसिस, इंजिन, सायलेन्सर यांच्यातला फेरबदल, या दोन गोष्टी एका तराजूत तोलता येत नाहीत.

दंड मात्र हलका नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ अ नव्याने लिहिलं गेलं. त्यातल्या पोटकलम ४ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे. तीन ठिकाणी हात घातला तर हिशोब १५ हजारांवर जातो. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर कलम १९०(२) लागतं. त्यात पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स निलंबित होण्याची तरतूद आहे.

आणि गाडी अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात सापडली तर विषय वेगळाच. कलम १९९ अ नुसार पालक किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. बारावीचं पोरगं क्लासला जातंय म्हणून दादाची गाडी देणाऱ्या घरांनी एवढं एक कलम वाचलं तरी पुरे.

सायलेन्सर : सगळ्यात जास्त विक्री, सगळ्यात कमी उपयोग

पुंगळी काढलेली गाडी यात्रेत, मिरवणुकीत, कॉलेजच्या गेटवर लक्ष वेधून घेते, यात शंका नाही. पण दुचाकीच्या आवाजाला मर्यादा ठरवून दिलेली आहे. ८० ते १७५ सीसीच्या गाड्यांसाठी ७७ डेसिबल आणि १७५ सीसीवरच्या गाड्यांसाठी ८० डेसिबल, अशी ती मर्यादा कंपनीला नवी गाडी मंजूर करून घेताना पाळावी लागते. डेसिबलचं गणित साधं नसतं. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहा पट होते. म्हणून ‘थोडासाच जास्त आहे’ असं म्हणण्यात अर्थ नसतो.

या सायलेन्सरने गाडीची ओढ वाढते, हा दुसरा समज. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस६ गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. बाजारातली पोकळ नळी लावली की हे गणित बिघडतं. आवाज वाढतो, म्हणून चालवणाऱ्याला गाडी पळते असं वाटतं. प्रत्यक्षात अनेकदा खालच्या गिअरमधली ओढ कमी होते, मायलेज घसरतं आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरवाला इंजिनाच्या तक्रारीत आधी याच नळीकडे बोट दाखवतो.

चांगल्या कंपनीचे महागडे सायलेन्सरही याला अपवाद नाहीत. त्यातल्या बऱ्याच मालावर ‘फक्त रेसिंगसाठी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर चालेल, जिल्हा मार्गावर नाही.

राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले. त्याचे व्हिडिओ गावोगाव पोहोचले. पण इथे एक गोष्ट खटकते. पकडला जातो तो चालवणारा. विकणारा आणि बसवणारा दुकानात बसून राहतो. कलम १८२ अ मध्ये विक्रेत्यासाठीही तरतूद आहे. केंद्राने सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून जाहीर केलेला भाग नियमाबाहेरचा विकला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा भागामागे १ लाख रुपये दंड होऊ शकतो. पण ती तरतूद ठरावीक भागांपुरती आहे. आवाज करणारी नळी उघड्यावर टांगून विकणाऱ्याला हात लागत नाही, तोवर दहा नळ्या चिरडल्या तरी अकरावी दुकानात तयार असते.

क्रॅश गार्ड, स्लायडर, जाळी : यात दम आहे, पण बघून

स्पोर्ट बाईकचा खरा कमकुवत भाग म्हणजे तिचं फायबर. गाडी उभ्याउभ्या स्टँडवरून पडली तरी फेअरिंग तडकतं, लिव्हर वाकते, इंडिकेटर तुटतो. फेअरिंगचा एक तुकडा बदलायचा म्हटलं तरी काही हजार जातात. म्हणून स्लायडर किंवा गार्ड लावण्यामागचा विचार चुकीचा नाही.

फ्रेम स्लायडर म्हणजे इंजिनाच्या शेजारी बाहेर आलेला जाड प्लास्टिकचा गोळा. गाडी घसरली तर आधी तो जमिनीला लागतो आणि फायबर वाचतं. पण तो कशाला जोडलाय हे बघावं लागतं. स्वस्तातले स्लायडर इंजिन धरणाऱ्या बोल्टच्या जागीच एक लांब बोल्ट घालून बसवतात. पडताना सगळा मार त्या एका बोल्टवर येतो. बोल्ट वाकतो आणि नशीब वाईट असेल तर इंजिनाचा कान किंवा फ्रेमच तडकते. तीन हजारांचं फायबर वाचवायला गेलं आणि चेसिस गेली, असा व्यवहार होतो. दोन-तीन ठिकाणी भार वाटून घेणारी पट्टी असलेला, त्याच मॉडेलसाठी बनवलेला स्लायडर घ्यावा. फायबरला भोक पाडून बसवायची वेळ आली तर तो माल त्या गाडीचा नाही, असं समजावं.

लोखंडी लेगगार्डबाबत लोकांच्या मनात गोंधळ आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं ते प्रामुख्याने चारचाकीच्या पुढच्या बुल बारवर. दुचाकीचे गार्ड अनेक कंपन्या स्वतःच्या शोरूममधून अधिकृत ॲक्सेसरी म्हणून विकतात. असा गार्ड बिलासह घेतला तर वादाची शक्यता कमी. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेला, बाहेर काटे किंवा टोकं आलेला गार्ड मात्र समोरच्या पायी चालणाऱ्याला फाडू शकतो. तो टाळावाच.

रेडिएटरची जाळी हा ग्रामीण रस्त्यावर खरोखर कामाचा भाग. पुढच्या ट्रॅक्टरच्या चाकातून उडणारा खडा थेट रेडिएटरवर बसतो आणि त्याच्या पातळ पाकळ्या चेपतात. पण जाळी फार बारीक नको. बारीक जाळीत चिखल, पाचट, किडे अडकतात, हवा आत जात नाही आणि गाडी गरम होते. काळ्या मातीच्या पट्ट्यात पावसाळ्यात आठवड्यातून एकदा जाळी काढून हलक्या पाण्याने धुवावी लागते. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला की पाकळ्या आडव्या होतात.

याच ठिकाणी आणखी एक चूक घडते. कूलंट कमी झालं की बाटलीत बोअरचं पाणी ओततात. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. घरातल्या माठाला बाहेरून जो पांढरा थर येतो, तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांत आतून बसतो. कूलंटची बाटली त्या नुकसानीच्या तुलनेत फारच स्वस्त पडते.

एलईडी : उजेड आपल्याला, अंधारी समोरच्याला

गावाकडच्या रस्त्यावर रात्री दिवा कमी पडतो, ही तक्रार खरी आहे. रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली, रस्त्यावर बसलेली जनावरं, पट्टे न मारलेला गतिरोधक. म्हणून जादा एलईडी लावावेसे वाटतात. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ सांगतो की पुढचा दिवा समोरच्याचे डोळे दिपवणारा नसावा. पांढरेफेक एलईडी वर तोंड करून लावले की समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काही क्षण काहीच दिसत नाही. तो आंधळा होऊन आपल्याच अंगावर येतो, हे लक्षात घेतलं जात नाही.

दुसरा धोका वायरिंगचा. ४० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर चालवले तर जवळपास पावणेसात अँपिअर करंट ओढतात. हा करंट थेट स्विचमधून गेला तर स्विच वितळतो, वायर गरम होते. रिले आणि फ्यूज लावूनच जोडणी करायला हवी. कट मारून, टेप गुंडाळून केलेलं काम पावसाळ्यात उघडं पडतं. वॉरंटीही इथेच जाते, कारण मूळ वायरिंग कापलेली दिसली की इलेक्ट्रिकल तक्रार कंपनी मान्य करत नाही. गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या खोलीत गाडी लावणाऱ्यांना उंदरांचा त्रास असतोच. त्यात ही लोंबती वायर म्हणजे त्यांना आमंत्रण.

दिवा कमीच वाटत असेल तर आधी मूळ हेडलाइटची काच साफ करून, त्याची उंची शोरूममधून जुळवून घ्यावी. बऱ्याच गाड्यांचा झोत भिंतीवर किंवा झाडाच्या शेंड्यावर पडत असतो. हे काम काही मिनिटांचं आहे.

मागचा मडगार्ड आणि साडी गार्ड : इथे जीव अडकलाय

गाडी ‘शार्प’ दिसावी म्हणून मागचा लांब मडगार्ड काढून छोटी पट्टी लावतात. नंबर प्लेट सीटखाली तिरकी जाते. पहिला तोटा, पावसात चाकाचा चिखल मागे बसणाऱ्याच्या पाठीवर. दुसरा, नंबर प्लेट वाचता येत नाही, म्हणून दंड. राज्यात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली आहे. दुचाकीसाठी तिचे ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये लागतात. तिची मुदत सरकारने अनेकदा वाढवली, पण नियम मागे घेतलेला नाही. ही प्लेट वाकवून, कापून किंवा काळी काच लावून बसवली तर तिचा उपयोगच संपतो.

त्याहून गंभीर गोष्ट साडी गार्डची. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ नुसार मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असायलाच हवं. कशासाठी? तर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. नव्या स्पोर्ट बाईकवरही कंपनी हा गार्ड देते. आणि घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात काढला जाणारा भाग बहुतेक हाच असतो. ‘लूक जातो’ एवढंच त्याचं कारण.

शहरात या गाड्यांवर बहुधा एकटाच बसतो. गावात तसं नसतं. त्याच गाडीवर आई दवाखान्यात जाते, बहीण परीक्षेला जाते, आजी बाजारला जाते. स्पोर्ट बाईकची मागची सीट आधीच उंच आणि अरुंद. धरायला नीट जागा नाही. बाई एका अंगाला पाय टाकून बसलेली, पदर वाऱ्यावर. पदर किंवा ओढणी चेनमध्ये गेली की गळ्याला फास बसायला क्षणही लागत नाही. काढलेला साडी गार्ड घराच्या माळ्यावर पडलेला असतो. तो परत बसवायला दोन-तीन बोल्ट लागतात. या अख्ख्या लेखातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा बदल हाच आहे.

आरसा, लिव्हर, टायर, फिल्टर

आरसे काढणं किंवा नावापुरते छोटे लावणं, हाही नियमभंगच. हँडलच्या टोकाला लावायचे आरसे चालतात, पण त्यातून मागचं खरंच दिसतं का, हे दुकानातच बसून बघावं. हँडलची रुंदी वाढते, हेही ध्यानात ठेवावं. गर्दीच्या बाजारात ते दुसऱ्याला आधी लागतात.

रंगीत, घडी पडणाऱ्या लिव्हर दिसायला छान. पण ब्रेकची लिव्हर ओतकामाच्या हलक्या धातूची असेल तर जोरात दाबताना तुटू शकते. शिवाय ती मूळ मापाची नसेल तर ब्रेक पूर्ण सुटत नाही, डिस्क घासत राहते, तापते आणि चाक जाम होऊ शकतं. १२५ सीसीवरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. एवढी चांगली यंत्रणा कंपनीने दिली आणि तिच्या टोकाला दोनशे रुपयांची लिव्हर लावली, तर भरवसा कशावर ठेवायचा?

मागचा टायर एक नंबर रुंद घालण्याची हौसही जुनी. आर१५ ला मागे १४० मापाचा टायर येतो तो त्या रिमसाठी ठरवलेला आहे. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो मधून फुगतो, जमिनीला लागणारा भाग उलट कमी होतो आणि गाडी वळायला जड जाते. टायर रुंद करण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी हवा तपासणं जास्त उपयोगाचं.

आणि एअर फिल्टर. ‘ओढ वाढते’ म्हणून फिल्टर काढून टाकणारे किंवा उघडा फिल्टर लावणारे आहेत. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर, मळणीच्या दिवसांत शिवारात जी धूळ असते, ती फिल्टरशिवाय थेट सिलिंडरमध्ये जाते. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती पिस्टन घासते आणि थोड्याच काळात गाडी ऑइल खायला लागते. शहरापेक्षा गावातल्या गाडीला फिल्टर जास्त जपावा लागतो, कमी नाही.

कोटिंग, पीपीएफ आणि कव्हर

सिरॅमिक कोटिंगवर हजारो रुपये घेतले जातात. त्याने चकाकी राहते, पाणी आणि धूळ चिकटत नाही. पण खडा लागला तर रंग वाचत नाही. खड्यापासून आणि ओरखड्यापासून वाचवते ती जाड पारदर्शक फिल्म, जिला पीपीएफ म्हणतात. अख्ख्या गाडीला ती महाग पडते. टाकीचे दोन्ही बाजूचे गुडघे लागणारे भाग आणि पुढचं नाक, एवढंच केलं तरी काम भागतं. गाडीचा पूर्ण रंगच बदलायचा असेल तर थांबावं. आरसी बुकात रंगाची नोंद असते. त्यामुळे आधी तालुक्याच्या आरटीओ कॅम्पात विचारून मगच हात घालावा.

कव्हर घालताना गाडी थंड होऊ द्यावी, नाहीतर गरम सायलेन्सरला ते चिकटतं. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घातलं की आत वाफ धरते आणि नटबोल्ट गंजतात. पावसाळ्यात कव्हरपेक्षा पत्र्याची सावली बरी.

विम्याचा फसवा दिलासा

‘इन्शुरन्स आहे ना पाच वर्षांचा,’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा झाला, पण तो थर्ड पार्टी विमा. म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. स्वतःच्या गाडीची मोडतोड भरून देणारा भाग बहुतेक पॉलिसींत पहिल्या वर्षापुरताच असतो. दुसऱ्या वर्षी तो वेगळा घ्यावा लागतो आणि बरेच जण घेत नाहीत. मग गाडी आपटल्यावर कळतं की फायबरचा खर्च खिशातूनच करायचा आहे.

हा भाग चालू असला तरी विमा कंपनीला न कळवलेले बदल अडचण करतात. सर्व्हेअर फोटो काढतो, मूळ गाडी आणि समोरची गाडी यात फरक दिसतो आणि दावा कमी होतो किंवा अडकतो. किमती ॲक्सेसरीज लावल्या असतील तर त्या बिलासह पॉलिसीत नोंदवून घ्याव्यात. थोडा हप्ता वाढतो, पण कागद आपल्या बाजूला राहतो.

मग पैसे आधी कुठे घालायचे?

२०२२ च्याच त्या अहवालात आणखी एक आकडा आहे. हेल्मेट नसल्यामुळे ५० हजार २९ माणसं गेली. त्यातली १४ हजार ३३७ मागे बसलेली होती. स्लायडर गाडी वाचवतो; डोकं वाचवत नाही. म्हणून साडेबारा हजार हाताशी असतील तर क्रम असा लावता येईल.

पहिलं, आयएसआय शिक्क्याची दोन चांगली हेल्मेट, एक मागच्यासाठी. दुचाकी विकताना हेल्मेट द्यावं असा नियम आहेच. ते शोरूममधून मागून घ्यावं. हेल्मेट नसेल तर कलम १९४ ड नुसार १ हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं.

दुसरं, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. पडताना माणूस आधी हात टेकतो. स्लिपर घालून दोनशे सीसीची गाडी चालवण्यात शान नाही.

तिसरं, साडी गार्ड जागेवर. नसेल तर मूळ भाग मागवून बसवणं.

चौथं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा चालू ठेवणं.

पाचवं, त्याच मॉडेलचा चांगला स्लायडर किंवा कंपनीचा गार्ड, रेडिएटरची जाळी, दर पाचशे किलोमीटरला चेनला ल्यूब आणि वेळेवर कूलंट.

एवढं होऊन पैसे उरले तर टँक पॅड, स्टिकर, पीपीएफ, हवी ती हौस करावी. ती कुणी अडवत नाही.

जबाबदारी एकट्या पोराची नाही

या सगळ्यात तालुक्याच्या बाजारपेठेतल्या छोट्या दुकानदारांचं आणि मेकॅनिकचंही पोट आहे. आयटीआय करून गावातच गॅरेज टाकलेली कितीतरी मुलं याच कामावर घर चालवतात. त्यांना धंदा बंद करा म्हणणं सोपं आहे, पण ते उत्तर नाही. त्यांच्याकडून दोन गोष्टी मात्र गिऱ्हाईक मागू शकतो. एक, प्रत्येक भागाचं नाव लिहिलेलं पक्कं बिल. दुसरं, काढलेला मूळ भाग परत. मूळ सायलेन्सर, मूळ मडगार्ड दुकानात सोडून येणारे पुढे गाडी विकताना किंवा पासिंगला अडकतात आणि तोच भाग दुप्पट किमतीला विकत घेतात. जो दुकानदार बिल द्यायला कचरतो, तो माल रस्त्यावर चालणारा नाही, एवढं त्यातून समजतं.

ग्रामपंचायतींनाही यात काम आहे. शाळा आणि दवाखान्यापासून १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरला जातो. यात्रेच्या बैठकीत मंडपाचा आणि लाऊडस्पीकरचा विषय निघतो, तसाच पुंगळ्यांचाही निघायला हवा. पोलीस पाटील आणि मंडळाचे कार्यकर्ते आधी बोलले तर पोरांवर गुन्हे दाखल व्हायची वेळ येत नाही. परिवहन विभागानेही तालुक्याच्या कॅम्पात लायसन्सची परीक्षा घेताना ‘काय चालतं, काय चालत नाही’ याचा मराठीतला एक फलक लावला तरी निम्मे गैरसमज मिटतील. आज ही माहिती पोरांना मिळते ती रील बनवणाऱ्यांकडून आणि त्यातले अनेक जण तोच माल विकायला बसलेले असतात.

दिवाळी, लग्नसराई, उसाचं बिल, अशा वेळी पुन्हा गाड्या निघतील आणि पुन्हा त्या शोरूमशेजारच्या दुकानात जातील. तेव्हा बापाने किंवा थोरल्या भावाने सोबत जावं, यादी हातात ठेवावी आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : हा भाग गाडी वाचवतो, माणूस वाचवतो, की फक्त दिसतो? उत्तर ऐकून मग पाकीट उघडावं.